तान्ह्या बाळाची श्वासनलिका, शस्त्रक्रिया आणि एक्मो: निपाणी ते बेंगळुरू

बाळाची श्वासनलिका जन्मतःच अरुंद आहे, मोठी शस्त्रक्रिया लागेल आणि नंतर काही दिवस एक्मोवर, म्हणजे रक्त शरीराबाहेर घेऊन त्यात ऑक्सिजन घालणाऱ्या मशीनवर, ठेवावं लागू शकतं, असं ज्या घरात नुकतंच सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी बेळगावात नर्स आहे. बाळ माझ्या बहिणीचं, निपाणी तालुक्यातलं. कुठल्या टप्प्यावर काय होतं, कशाला किती वेळ आणि पैसे लागतात, रोज काय विचारायचं, एवढंच सांगायचं आहे.

बाळ डिसेंबरचं. जानेवारीपासूनच श्वासाला घरघर होती. छातीत कफ म्हणून वाफ, मग बाळदमा म्हणून नेब्युलायझर, असं एप्रिलपर्यंत चाललं. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना वाजते. श्वास आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा करकर आवाज येत असेल, दूध पिताना बाळ थांबून थांबून धापा टाकत असेल, रडताना ओठ निळे पडत असतील आणि नेब्युलायझरने काडीचाही फरक पडत नसेल, तर अडथळा मोठ्या नळीतच आहे का ते बघायला हवं. एप्रिलमध्ये सर्दीचं निमित्त झालं आणि बाळ एकदम निळं पडलं. रुग्णालयात व्हेंटिलेटरची नळी घालताना स्वरयंत्रातून ती आत गेली, पण पुढे सरकेना. तिथली सगळ्यात लहान, अडीच मिलिमीटरचीही अडली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी जोर केला नाही. नळी अरुंद भागाच्या वरच ठेवून काम भागवलं आणि दम्याचं निदान तिथल्या तिथे बाजूला सारलं.

मग इको आणि कॉन्ट्रास्टचा सीटी स्कॅन. डाव्या फुप्फुसाची रक्तवाहिनी उजव्या बाजूने निघून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधून डावीकडे जात होती. याला पल्मनरी आर्टरी स्लिंग म्हणतात. त्याच्या जोडीला बरेचदा असतो तो दुसरा दोष, पूर्ण कड्या. आपल्या श्वासनलिकेच्या कूर्चा इंग्रजी सी अक्षरासारख्या असतात, मागची बाजू मऊ. या बाळांत त्या बांगडीसारख्या पूर्ण गोल असतात, म्हणून नळी वाढत्या वयाबरोबर हवी तशी रुंदावत नाही. आमच्या बाळाची सर्वांत अरुंद जागा दोन मिलिमीटरच्या आसपास होती. अशा नळीत कफाचा एक चिकट थेंबही पुरतो.

कुठे न्यायचं यावर घरात चार दिवस चर्चा. पुणे-मुंबईचा विचार होताच, पण बेंगळुरूच्या एका रुग्णालयाने सगळी उत्तरं फोनवरच दिली, म्हणून तिकडे. प्रश्न हे होते: लहान मुलांचे हृदयशल्यचिकित्सक आणि श्वासनलिकेचे शल्यचिकित्सक एकाच छताखाली आहेत का? तान्ह्या बाळाला चालेल एवढी बारीक कडक ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिका आतून बघायची दुर्बीण, आहे का? स्लाइड ट्रॅकिओप्लास्टी, म्हणजे अरुंद श्वासनलिका कापून, सरकवून रुंद करायची शस्त्रक्रिया, त्यांनी स्वतः केली आहे का? एक्मो लागलाच तर ते मशीन चालवणारा तंत्रज्ञ, म्हणजे पर्फ्युजनिस्ट, रात्रीही जागेवर असतो का, की घरून बोलवावा लागतो? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. पावसाळ्यात उत्तरेकडे जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं: वेदगंगेला पूर आला की निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद पडू शकतो. २०१९ आणि २०२१ मध्ये तो पडलाच होता.

कागदांचं सांगते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तातडीची नसलेली मोठी शस्त्रक्रिया असेल तर सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. पत्रावर निदान नीट, पूर्ण लिहून घ्या. नुसतं ‘श्वासाचा त्रास’ असं असेल तर मंजुरीच्या टेबलावर फाइल परत फिरते. तान्ह्या बाळाचं नाव बहुतेक घरांत रेशनकार्डात चढवलेलं नसतं. जन्मदाखला, आई-वडिलांचं आधार, रेशनकार्ड आणि बाल आधारची पावती एकत्र ठेवली तर निदान बोलणं सुरू होतं. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढा. अर्ज, नावं आणि आडनावं कानडीत चढतात, तेव्हा घरी यायच्या आधी आधारावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मराठी नावाचं कानडीतून पुन्हा इंग्रजीत जाताना काहीच्या बाही होतं आणि दुरुस्तीला पुन्हा आठवडा जातो.

पॅकेज शस्त्रक्रियेचं असतं. एक्मोचे दिवस त्यात धरलेत का, हे रुग्णालयाच्या योजना कक्षात स्वतंत्रपणे विचारा. आमच्या अंदाजपत्रकात एक्मो सुरू करण्याचे, म्हणजे सर्किट (नळ्यांचं वर्तुळ), ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन घालणारा भाग) आणि कॅन्युला (रक्तवाहिनीत घालायच्या नळ्या) मिळून, अडीच लाखांच्या आसपास होते आणि पुढे रोजचे चाळीस-पन्नास हजार, रक्त आणि औषधं वेगळी. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी अर्ज करायचा तर रुग्णालयाचं मूळ अंदाजपत्रक, फोटो, रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. खासदारांच्या कार्यालयातून पाठवता येतो. मदत रुग्णालयाकडे जाते आणि आधीच होऊन गेलेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी जायला हवा. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजनाही जाहीर केलेली आहे. महाराष्ट्रातल्या रुग्णालयात न्यायचं असेल तर त्याची चौकशी वेगळी करावी. आमच्या मंजुरीला जवळपास तीन आठवडे लागले. त्या काळात बाळ बेळगावातच ऑक्सिजनवर होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघालो. बेळगाव ते बेंगळुरू ५०० किलोमीटर, रुग्णवाहिकेने नऊ-दहा तास. भाडं जाऊन-येऊन किलोमीटरचं धरतात. आम्हाला चाळीस हजारांच्या जवळ गेलं. ऑक्सिजनचा हिशोब स्वतः करा. मध्यम आकाराच्या, म्हणजे बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर तासाला १२०, दहा तासांना १२००. तरीही दोन सिलिंडर घ्यायचे, कारण वाटेत गरज वाढते आणि रस्ताही अडतो. ऑक्सिजन ह्युमिडिफायरमधून, ओलावा घेऊनच गेला पाहिजे. कोरड्या वायूने कफ सुकतो आणि दोन मिलिमीटरच्या नळीत सुकलेला कफ म्हणजे बूच. बाळाला रडू देऊ नये. जोरात ओढलेल्या श्वासाने अरुंद नळीतला अडथळा आणखी वाढतो.

शस्त्रक्रिया नेमकी काय, ते शल्यचिकित्सकांनी कागदावर काढून दाखवलं. मी घरी उसाच्या कांड्यावर समजावलं. अरुंद भागाच्या मधोमध नळी आडवी कापतात. मग वरच्या तुकड्याला मागून आणि खालच्याला पुढून उभी चीर देतात, आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकवून तिरके शिवतात. अरुंद भागाची लांबी निम्मी होते, घेर दुप्पट होतो आणि आतली वाट जवळपास चौपट. बाहेरचं काही जोडावं लागत नाही, बाळाचीच नळी वापरली जाते. १९८९ मध्ये लंडनच्या चमूने ही पद्धत मांडली. त्याआधी हृदयाच्या आवरणाचा तुकडा ठिगळ म्हणून लावत. त्याच वेळी आमच्या बाळाची डावी रक्तवाहिनी कापून श्वासनलिकेच्या पुढे, योग्य जागी जोडली.

नळीच कापलेली असताना श्वास कुठून घ्यायचा? म्हणून हे सगळं हार्ट-लंग मशीनवर होतं. हे मशीन आणि एक्मो एक नव्हे, आणि हा गोंधळ घरोघर होतो. शस्त्रक्रियेतल्या मशीनमध्ये रक्ताची उघडी टाकी असते, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा डोस खूप मोठा, रक्त गोठायच्या वेळेची चाचणी म्हणजे एसीटी ४०० सेकंदांच्या वर ठेवावी लागते, आणि ते काही तासांसाठीच. एक्मोचं वर्तुळ बंद असतं, उघडी टाकी नसते, एसीटी साधारण १८० ते २२० वर भागते, म्हणून ते दिवसच्या दिवस चालू शकतं. नवजात बाळ एक्मोवर वाचल्याची पहिली नोंद अमेरिकेतली, १९७५ ची.

जुलैच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली. सकाळी आत नेलं, संध्याकाळ उलटल्यावर बोलावणं आलं. शिवण चांगली होती, पाण्याखाली धरून हवा गळत नाही हे तपासलं होतं, ब्रॉन्कोस्कोपीत वाट मोकळी दिसत होती. पण नळीला आतून सूज होती आणि फुप्फुसं ताठर. मशीनवरून काढलं की पुरेसा ऑक्सिजन राखायला व्हेंटिलेटरचा दाब खूप वाढवावा लागत होता, आणि तो दाब थेट ताज्या शिवणीवर. शिवण फाटली, हवा छातीत गळली की संसर्ग छातीभर पसरतो. म्हणून एक्मो. संमतीपत्र आधीच घेतलेलं होतं. कानडी आणि इंग्रजीत होतं, हिंदीत वाचून दाखवायला सांगितलं तर त्यांनी दाखवलं. मागायला लाजू नये.

निपाणीहून बाळाचे आजोबा रोज फोनवर एकच विचारायचे, “अजून मशिनीवरच हाय व्हय?” त्यांना वाटे मशीन रोग बरा करतंय आणि करता करता वेळ लावतंय. एक्मो काहीच बरं करत नाही. शरीरातलं काळपट रक्त बाहेर घेतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून ऑक्सिजन घालतं, कोमट करून परत देतं; तोवर फुप्फुसं आणि शिवण निवांत राहतात. बरं शरीरच होतं. आणि प्रत्येक जास्तीचा दिवस धोका वाढवतो, म्हणून डॉक्टरांना रोज सकाळी ठरवावं लागतं की सुजेला आणखी एक दिवस द्यायचा की आता काढायचं.

आमच्या बाळाच्या कॅन्युला छातीतूनच होत्या, शस्त्रक्रियेतल्याच जागी: एक हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, एक महाधमनीत. छाती पूर्ण बंद केलेली नव्हती, वर पातळ पडदा. पहिल्यांदा बघताना हे सांगितलेलं असलं तर बरं, नाहीतर पाय लटपटतात. हृदय चांगलं असेल तर फक्त शिरांमधूनही एक्मो चालवता येतो. मानेतून घालायच्या असतील तर धमनीची कॅन्युला उजव्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत जाते. श्वासनलिकेची लांबी कमी झालेली असल्यामुळे शिवणीवर ताण येऊ नये म्हणून बाळाची हनुवटी छातीकडे झुकवून ठेवली होती. उशी सरळ करायला जाऊ नका.

आता आकडे. बाळ ६ किलोचं, म्हणजे अंगातलं रक्त जेमतेम ४८० मिलिलिटर. एवढ्या बाळाच्या सर्किटमध्येच पाव लिटरच्या वर द्रव लागतो, म्हणून ते आधीच दात्याच्या रक्ताने भरतात. फ्लो, म्हणजे मशीनमधून मिनिटाला फिरणारं रक्त, किलोला १०० ते १२० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला ६०० ते ७२० मिलिलिटर. व्हेंटिलेटर चालूच असतो, पण विश्रांतीवर: मिनिटाला दहाच्या आसपास श्वास, कमी दाब, कमी ऑक्सिजन. पहिल्या एक-दोन दिवसांत एक्सरे पांढराफटक येऊ शकतो. फुप्फुसं तेव्हा कामावर नसतात, त्यामुळे त्या एका फोटोवरून धीर सोडू नये.

रोजच्या भेटीत मी इतकंच विचारायची: फ्लो किती, छातीच्या ड्रेनमधून, म्हणजे आत साचलेलं बाहेर काढणाऱ्या नळीतून, किती रक्त आलं, लघवी किती, प्लेटलेट किती, डोक्याची सोनोग्राफी काय म्हणते. बाळाची टाळू उघडी असते तोवर तिथूनच मेंदूत रक्तस्राव आहे का ते रोज पाहता येतं, आणि एक्मोवरची सगळ्यात मोठी भीती तीच. हेपॅरिन जास्त झालं तर शिवणीतून, छातीत, डोक्यात रक्त. कमी झालं तर ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास तर हेपॅरिन दिलंच नाही, ड्रेन कमी होईपर्यंत थांबले. दर तासा-दोन तासांनी एसीटी होत असे. नर्स बॅटरीच्या उजेडात ऑक्सिजनेटर आणि जोडांवर काळे ठिपके शोधते. ऑक्सिजनेटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यातला फरक वाढत गेला की आत गुठळी साचते आहे असं समजायचं. आमचा ऑक्सिजनेटर मध्येच एकदा बदलावा लागला; क्लॅम्प लावून काही मिनिटांत होतं, पण त्याआधी सगळा चमू खाटेभोवती उभा असतो. बिलात तो वेगळा लागतो.

नळ्या थरथरायला लागल्या की नातेवाईक घाबरतात. बहुतेकदा अंगात रक्त-पाणी कमी पडलेलं असतं किंवा नळी कुठेतरी दुमडलेली, आणि पंप शिरेची भिंतच ओढत असतो. लघवी कोका-कोलासारखी तपकिरी झाली तर रक्तपेशी फुटताहेत का ते तपासतात. ताप मात्र दिसेलच असं नाही, कारण रक्ताचं तापमान मशीनच ठरवतं. संसर्गाचा माग रक्ताच्या तपासण्यांवरूनच काढावा लागतो. आणि सक्शन, म्हणजे नळीने कफ ओढून घेणं, कमी, हलकं, मोजून आत घातलेलं. शिवणीला नळी टोचू नये म्हणून खोली आधी ठरवून पाटीवर लिहिलेली असते.

घरच्यांचं खरं काम रक्ताचं. प्लेटलेट जवळपास रोज लागतात, आणि त्या पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. म्हणून गावाकडून एकदम वीस पोरं गाडी भरून आणण्यात अर्थ नाही. दोन-तीन जण आड दिवसांनी यावेत. यंत्रावर फक्त प्लेटलेट देणारा ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा. पूर्ण रक्त दिलेल्या पुरुषाला मात्र ९० दिवस थांबावं लागतं. अॅस्पिरिन घेतलेला माणूस प्लेटलेटला तीन दिवस चालत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री बसून सकाळी पोचणारे आमचे दाते थेट रक्तकेंद्रात जायचे. त्यांना आधी पोटभर नाश्ता द्या, प्रवासाच्या उपाशीपोटी घेत नाहीत. बेंगळुरूत बेळगावकडची माणसं भरपूर आहेत, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर रक्तगट टाकला की फोन येतात.

आठवडा उलटल्यावर ब्रॉन्कोस्कोपी झाली. सूज उतरलेली, शिवण गुलाबी. मग काढायची चाचणी: फ्लो टप्प्याटप्प्याने कमी करत व्हेंटिलेटर वाढवायचा आणि रक्तातले वायू बघायचे. फ्लो कमी झाला की गुठळीचा धोका वाढतो, म्हणून ही चाचणी रेंगाळू देत नाहीत. पहिल्या दिवशी कार्बन डायऑक्साइड चढला, पुन्हा फ्लो वाढवला. बहिणीला तो दिवस शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा जड गेला. दोन दिवसांनी जमलं. कॅन्युला काढल्या, छाती बंद केली.

एक्मो सुटला की संपलं, असं वाटतं. तसं नसतं. झोपेची आणि वेदनेची औषधं इतके दिवस चालल्यामुळे ती उतरवताना बाळ थरथरतं, घामाने भिजतं, जुलाब होतात, कशाने शांत होत नाही. मेंदूला काही झालं की काय अशी शंका येते; बहुतेकदा ते औषध सुटण्याचं लक्षण असतं आणि डोस सावकाश कमी करून जातं. व्हेंटिलेटर काढल्यावर रडण्याचा आवाज घोगरा होता. स्वरतंतूची नस या शस्त्रक्रियेत दुखावू शकते, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तंतू हलतात का ते पाहिलं आणि तोंडाने दूध सुरू करायच्या आधी गिळणं तपासलं. शिवणीच्या जागी मांसाचे कोंब उगवतात. आमच्याकडे एकदा फुग्याने वाट रुंद करावी लागली. ऑगस्टच्या शेवटी सुट्टी मिळाली.

सुट्टीच्या आधी आई-वडिलांना बाहुलीवर सीपीआर शिकवून घ्या, विचारलं नाही तर राहून जातं. घरी पल्स ऑक्सिमीटर आणि सक्शन मशीन ठेवलं. बहिणीच्या घराला लागून तंबाखूची वखार आहे, तंबाखू चाळतात तेव्हा सगळी गल्ली शिंकते. म्हणून बाळ सध्या माझ्याकडे बेळगावात. चूल, गुऱ्हाळाचा धूर, तंबाखूची भुकटी, या तिन्हीपासून लांब ठेवायला सांगितलं आहे. श्रवणचाचणी करून घेतली, कारण एक्मो आणि त्या काळातल्या काही औषधांनी ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो. वाढीची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, होते; डिस्चार्ज कार्डाच्या प्रती तिथे लागतातच.

लसीबद्दल. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते आणि आशाताई वेळेवर दारात येतात. पण बाळाला इतकं रक्त आणि प्लेटलेट दिलेले असले की त्यातल्या प्रतिपिंडांमुळे ही जिवंत लस नीट लागू पडत नाही. सहा-सात महिने थांबायला सांगतात. पोलिओची टोचायची आणि बाकीच्या निष्क्रिय लसी थांबवायच्या नाहीत. डॉक्टरांकडून हे तारखेसकट चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी लसीकरणाच्या कार्डाला टाचून ठेवा. आमच्या चिठ्ठीवर मार्चची तारीख आहे, आणि पुढची ब्रॉन्कोस्कोपी त्याआधी, डिसेंबरमध्ये.